डोके व मान यांतील अर्बुदे आणि शोथजनक एंझाइमे

शोथ (दाहयुक्त सूज) निर्माण करणारी काही एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणण्यास मदत करणारी प्रथिने) डोके व मान यांतील मारक अर्बुदांच्या (कोशिकांच्या अनियंत्रित वाढीमुळे होणाऱ्या गाठींच्या) वाढीस साहाय्यभूत होतात. मुख, ग्रसनी (घसा), स्वरयंत्र व नासागुहा येथील अर्बुदांचा या गटात समावेश होतो. त्यांपैकी बहुतेक श्लेष्मकलेच्या (आतील ओलसर अस्तराच्या) चपट्या कोशिकांपासून उद्‌भवतात.

या एंझाइमांपैकी सायक्लोऑक्सिजनेजाचा अभ्यास विशेष झालेला आहे. कोशिकापटलातून मुक्त होणाऱ्या ॲराकिडोनिक अम्लापासून प्रोस्टाग्लँडिने तयार होण्याच्या क्रियेतील पहिला टप्पा ते घडवून आणते. त्याचा पहिला प्रकार बहुतेक ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकासमूहांत) सतत असतो व जठराच्या अस्तराचे रक्षण करतो. १९९१ मध्ये ओळखला गेलेला दुसरा प्रकार निरोगी श्लेष्मकलेत अत्यल्प असतो. इजा वा संसर्ग होताच त्याची निर्मिती वाढते आणि व्रण भरून आल्यावर ती ओसरते.

तंबाखू, सुपारी, चुना व मद्य यांच्या नित्य सेवनाने मात्र श्लेष्मकलेस पुनःपुन्हा इजा होत राहते व शोथ ओसरत नाही. तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगजनक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २००४ मधील ग्रंथात नमूद आहे. मुखातील कर्करोगपूर्व पांढरे चट्टे व प्रत्यक्ष कर्करोग या दोहोंत दुसऱ्या प्रकारचे एंझाइम वाढलेले आढळते. त्यामुळे निर्माण होणारे प्रोस्टाग्लँडिन ई२ नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस चालना देते, सदोष कोशिकांचा नियोजित मृत्यू टाळते व प्रतिकारक्षम लसीका कोशिकांचे कार्य मंदावते. शोथाच्या वेळी वाढणारी मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज ही एंझाइमे कोलॅजेनाचे जाळे विरघळवून अर्बुदास खोलवर शिरण्यास वाट करून देतात. अशा रीतीने व्रण भरून काढणारी यंत्रणाच अर्बुदाच्या उपयोगी पडते.

ॲस्पिरीन प्रोस्टाग्लँडिनांचे संश्लेषण रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. प्रोस्टाग्लँडिनांवरील संशोधनासाठी त्यांना व अन्य दोघांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे फक्त दुसऱ्या प्रकारास रोखणारी औषधे निघाली. परंतु त्यांपैकी रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून मागे घेण्यात आले. पांढऱ्या चट्ट्यांवर सेलेकॉक्सिबचा अपेक्षित लाभ चाचणीत दिसून आला नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डोके व मान यांचा कर्करोग पूर्ण बरा होण्याची शक्यता नसलेल्या ४२२ रुग्णांवर केलेल्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटास मिथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब तोंडावाटे अल्प मात्रेत, तर दुसऱ्यास सिसप्लॅटिन शिरेतून देण्यात आले. मध्यक जीवितकाल (निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो काळ) पहिल्या गटात ७.५ महिने व दुसऱ्यात ६.१ महिने होता. तीव्र दुष्परिणाम अनुक्रमे सु. १९% व ३०% रुग्णांत आढळले. लाभ अल्प असला, तरी घरी घेता येणाऱ्या स्वस्त गोळ्यांमुळे तो गरीब रुग्णांच्याही आवाक्यात येतो. दोन्ही औषधे एकत्र दिलेली असल्याने त्यात एंझाइमरोधाचा वाटा किती, हे या चाचणीवरून ठरविता येत नाही. वेदनाशामक म्हणून परिचित असली, तरी ही औषधे कर्करोगप्रतिबंधासाठी स्वतःहून घेणे धोक्याचे आहे. तंबाखू, सुपारी व मद्य वर्ज्य करून शोथाचे मूळ कारण दूर करणे, हाच प्रतिबंधाचा खात्रीचा मार्ग होय.