आउटलँडरचे चाहते नेमके कशावर चिडतात?

आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' निम्मे काढलेत, निम्मे राहिलेत, सांभाळून घ्या. आणि आधीच सांगते, 'आउटलँडर'च्या सातव्या सीझनच्या शेवटापर्यंतचे सगळे स्पॉयलर यात आहेत. मालिका बघायची राहिली असेल तर हा टॅब बंद करा, बघून या. आम्ही इथेच आहोत.

एका श्रोत्याने विचारलं होतं, "पुस्तकावरून मालिका केली की बदल होणारच. मग पुस्तकवाले दरवेळी एवढे का चिडतात?"

प्रश्न बरोबर आहे. पण या मालिकेत गंमत अशी की काही प्रचंड मोठे बदल चाहत्यांनी आनंदाने पचवले, एक प्रसंग जवळपास जसाच्या तसा घेतला त्यावर वाद झाला, आणि शेवटी एका गाण्यावरून दोन तट पडले. म्हणजे 'बदल केला म्हणून चिडले' हे उत्तर पुरत नाही. दुसरं काहीतरी आहे. तेच आज शोधू.

थोडक्यात गोष्ट

डायना गॅबाल्डन या अमेरिकन लेखिकेची पहिली कादंबरी 'आउटलँडर' १९९१ साली आली. नववी २०२१ मध्ये. बाई मुळात शास्त्रज्ञ, आणि संगणकाच्या मासिकांसाठी सॉफ्टवेअरची परीक्षणं लिहायच्या. त्यामुळे माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्या माणसाला त्या उगाचच जवळच्या वाटतात. रोनाल्ड डी. मूर यांनी त्यावरून केलेली मालिका ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाली.

क्लेअर ही दुसऱ्या महायुद्धातली नर्स. १९४५ मध्ये नवरा फ्रँकबरोबर स्कॉटलंडला येते, उभ्या दगडांच्या एका वर्तुळात एका दगडाला हात लावते आणि १७४३ मध्ये जाऊन पडते. तिथे तिला जेमी फ्रेझर भेटतो. लग्न, प्रेम, सगळं होतं. पण क्लेअरला एक गोष्ट माहीत असते जी तिथे दुसऱ्या कुणालाच माहीत नाही: तीन वर्षांनी क्लोडेन होणार आहे.

क्लोडेन म्हणजे काय

हे समजल्याशिवाय चाहत्यांचं काहीच समजत नाही, म्हणून इथे थोडं थांबूया.

१६ एप्रिल १७४६. स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये इन्व्हर्नेसजवळचं माळरान. एका बाजूला प्रिन्स चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टचे जॅकोबाइट, दुसऱ्या बाजूला ड्यूक ऑफ कंबरलंडची सरकारी फौज. आदल्या रात्री जॅकोबाइटांनी शत्रूच्या छावणीवर अचानक हल्ला करायला कूच केलं होतं. ते फसलं आणि उपाशी, न झोपलेली माणसं सकाळी परत येऊन लढायला उभी राहिली. लढाई तासभरही चालली नाही. जॅकोबाइटांचे दीड ते दोन हजार लोक मेले किंवा जखमी झाले असावेत असा अंदाज आहे. नंतर हायलँड्समधली जुनी कुळांची व्यवस्था मोडली गेली, पुरुषांच्या हायलँड पोशाखावर बंदी आली. ती १७८२ मध्ये उठली.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. पानिपत त्यानंतर पंधराच वर्षांनी, जानेवारी १७६१ मध्ये झालं. 'विश्वासरावांना ती गोळी लागली नसती तर?' हा प्रश्न आपल्याकडे अजून संपलेला नाही. जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत तेच केलंय. गोळी हुकते, विश्वासराव वाचतात आणि पुढचा सगळा हिंदुस्थानच वेगळा होतो.

'आउटलँडर'चा नियम याच्या बरोबर उलटा आहे. इथे गोळी हुकत नाही. क्लेअर आणि जेमी पॅरिसला जातात, बंडाला पैसा मिळू नये म्हणून खटपटी करतात, खोटं बोलतात, मित्र गमावतात. क्लोडेन होतंच. मोठा इतिहास बदलत नाही. त्याच्या आत एखादं माणूस कदाचित वाचवता येतं, आणि त्याचीही किंमत मोजावी लागते. 'किंमत' हा शब्द लक्षात ठेवा.

खऱ्या क्लोडेनच्या मैदानावर कुळांच्या नावांचे स्मृतिदगड आहेत. फ्रेझर कुळाच्या दगडापाशी मालिकेचे चाहते इतकी फुलं ठेवायला लागले, इतक्या पायांनी तिथलं गवत मेलं, की तो भाग दोरी लावून बंद करावा लागला. जेमी काल्पनिक आहे. त्या मातीखालचे लोक खरे आहेत. काहींना हे चुकीचं वाटतं आणि मला ते पटतं. पण दुसरी बाजूही आहे. क्लोडेननंतरच्या कत्तलीतून एक फ्रेझर वाचला, असा उल्लेख गॅबाल्डन यांना एरिक लिंकलेटर यांच्या पुस्तकात सापडला आणि जेमीचं आडनाव तिथून आलं. म्हणजे काल्पनिक माणूस खऱ्या जागेतूनच उगवलाय. फुलं ठेवणारे अगदीच वेडे नाहीत.

पचलेला बदल

मर्टा हा जेमीचा धर्मपिता. पुस्तकात तो क्लोडेनला मरतो. मालिकेने त्याला जिवंत ठेवलं. तिसऱ्या सीझनमध्ये तुरुंगाच्या कोठडीत तो दिसला तेव्हा पुस्तकवाल्यांनीही जल्लोष केला. विचार करा, पुस्तकात मेलेला माणूस जिवंत! याहून मोठा बदल कुठला?

तरी चालला. का? कारण मर्टा तोच राहिला. जेमीच्या आईला दिलेला शब्द पाळणारा, कमी बोलणारा, हट्टी. आणि फुकट वाचला नाही. पाचव्या सीझनमध्ये १७७१ च्या अलामान्सच्या लढाईत, तो शब्द पाळतानाच तो गेला. उधारी फिटली.

बदल नाही, तरी वाद

आता उलटं उदाहरण. पहिल्या सीझनचा नववा भाग. त्याआधी मालिका सहा महिने थांबली होती. अशा मधल्या रिकाम्या काळाला चाहते 'ड्राउटलँडर' म्हणतात, म्हणजे आपला दुष्काळच. तो दुष्काळ संपून भाग आला आणि त्यात जेमी क्लेअरला पट्ट्याने मारतो.

हा प्रसंग पुस्तकात आहे. लेखिकेने १८ व्या शतकातला नवरा १८ व्या शतकासारखाच लिहिला. तरी पडद्यावर बघताना अनेकांना तो सहन झाला नाही, विशेषतः त्यामागे वाजणारं हलकंफुलकं संगीत. पुस्तकात क्लेअर स्वतः सांगते. तिचा राग, तिचा अपमान, सगळं तिच्या शब्दांत पोहोचतं. मालिकेने नेमका याच भागात निवेदकाचा आवाज जेमीला दिला. घटना तीच, पण सांगणारा बदलला. आणि लोकांना वाटलं, मार तिने खाल्ला आणि हिशोब तो मांडतोय.

ते गाणं

आता मुख्य मुद्दा. दुसऱ्या सीझनमध्ये, पॅरिसच्या इस्पितळात क्लेअरला मृत मुलगी होते. नन तिचं नाव फेथ ठेवते. क्लेअर त्या बाळाला मांडीवर घेऊन एक गाणं म्हणते, समुद्रकिनाऱ्यावरच्या मजेचं, इंग्लंडमधलं लोकप्रिय गाणं. तो भाग या मालिकेतल्या सगळ्यात चांगल्या भागांपैकी एक आहे. कुणी 'होईल दुसरं' म्हणून तिची समजूत घालून प्रसंग उरकत नाही.

जानेवारी २०२५. सातव्या सीझनचा शेवटचा भाग. फॅनी नावाची अनाथ मुलगी तेच गाणं गुणगुणते. म्हणते, आईने शिकवलं. आईचं नाव फेथ.

इथे माझ्यातला इंजिनियर खुर्चीतून उठला. ते गाणं १९०७ सालचं आहे! १८ व्या शतकातल्या मुलीला ते माहीत असायचं कारणच नाही. प्रोग्राममध्ये एखादी व्हॅल्यू जिथे पोहोचूच शकत नाही तिथे दिसली, तर कुणीतरी ती तिथे आणून ठेवलेली असते. क्लेअरही तेच ओळखते: फेथ जगली होती.

कोडं म्हणून सुंदर आहे, मान्य. पण प्रकाशित पुस्तकांत फेथ जगली असं कुठेही म्हटलेलं नाही. आणि चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले.

माझ्यासोबत ही मालिका बघणारी एक मैत्रीण आहे. तिचं स्वतःचं बाळ सातव्या महिन्यात गेलं होतं. फेथचा भाग तिने दोनदा पाहिला होता. पहिल्यांदाच कुणीतरी ते नीट दाखवलं, असं म्हणाली होती. सातव्या सीझनच्या शेवटानंतर रात्री तिचा मेसेज आला: "म्हणजे तेव्हा आपण रडलो ते खोटं होतं का?"

मला उत्तर सुचलं नाही. दोन दिवसांनी फोन केला तेव्हा म्हणाली, "मला राग बदलाचा नाही गं. त्यांनी माझ्या बाजूचं माणूस काढून घेतलं."

दुसरा तट काय म्हणतो तेही ऐकू. त्यांचं म्हणणं, इथे किंमत परत मिळाली नाही, उलट दुप्पट झाली. मुलगी जगली, पण आईवडिलांशिवाय. ती वाढली, दोन मुलींची आई झाली, मेली, आणि तिची मोठी मुलगी जेन तर आजीआजोबांना आपलं नातं कळायच्या आधीच गेली. हे सुख कुठे आहे? मुद्दा खरा आहे.

मग उत्तर काय

माझं मत सांगते. आमच्या कामात एक साधा नियम असतो. आतला कोड हवा तसा बदला, पण बाहेरच्यांना दिलेला शब्द मोडू नका. त्या शब्दावर विसंबून इतरांनी काहीतरी उभं केलेलं असतं. मर्टा वाचला तेव्हा आतला कोड बदलला. नवव्या भागात प्रसंग तोच ठेवून शब्द हलवला, कारण ही गोष्ट क्लेअर सांगणार हे ठरलेलं होतं. आणि फेथचा शब्द होता, 'हे दुःख खरं आहे, ते कुणी पुसणार नाही.' त्या शब्दावर माझ्या मैत्रिणीसारख्या कितीतरी जणींनी काहीतरी उभं केलं होतं.

तो शब्द मोडला का? माझ्या मते अजून पूर्ण मोडलेला नाही. सातव्या सीझनच्या शेवटी फक्त आठवा, शेवटचा सीझन उरला होता. त्यात फेथचं जगणं हा नुसता धक्का देण्याचा प्रकार ठरला, तर चिडणारे बरोबर. पण क्लेअरला, जेमीला, फॅनीला त्याचा पूर्ण हिशोब चुकवावा लागला, तर मी माझं मत बदलेन. मैत्रीण बदलेल की नाही माहीत नाही. तिच्यावर मी ते लादणारही नाही.

तेव्हा, प्रश्न विचारणाऱ्या मित्रा, पुढच्या वेळी कुणी पुस्तकवालं चिडलेलं दिसलं तर 'पुस्तकात काय होतं?' एवढंच विचारू नकोस. 'तुला काय शब्द दिला होता?' असं विचार. उत्तर मोठं येईल, चहा टाकून बस.

तुमचा असा मोडलेला शब्द कुठल्या मालिकेतला? नेहमीच्या पत्त्यावर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. भेटूया!