सहाध्ययन मंडळे, विद्यापीठीय

सहाध्ययन मंडळे, विद्यापीठीय : विद्यापीठातील अथवा महाविद्यालयातील अध्यापक व शिक्षकेतर कर्मचारी यांनी आपल्या कामाचा, विशेषतः अध्यापनाचा, परस्परांच्या साहाय्याने दीर्घकाळ व नियमितपणे अभ्यास करण्यासाठी बनविलेले लहान गट. सहा ते पंधरा सभासद, त्यांच्या भिन्न विद्याशाखा, सामान्यतः एका शैक्षणिक वर्षाची मुदत आणि वर्षाअखेर इतरांपुढे मांडता येईल असे काही काम, ही या गटांची प्रमुख लक्षणे होत. अभ्यासक्रम ठरविण्यासाठी विद्यापीठ कायद्यान्वये नेमण्यात येणाऱ्या अभ्यासमंडळाशी त्यांचा घोटाळा करू नये. अभ्यासमंडळ काय शिकवावे हे ठरविते. सहाध्ययन मंडळात ते शिकविले जात असताना प्रत्यक्षात काय घडते, हे पाहिले जाते.

अशा मंडळांची गरज विद्यापीठीय अध्यापकाच्या व्यवसायातील एका विसंगतीतून निर्माण झाली. त्याचे संशोधन सदैव इतर तज्ञांच्या नजरेखाली असते. निबंध तपासले जातात, त्यांतील चुका दाखविल्या जातात आणि त्यात कोणी कमीपणा मानीत नाही. अध्यापन मात्र बंद दाराआड चालते. शाळेतील शिक्षकास अध्यापनाची पदविका वा पदवी घ्यावी लागते. महाविद्यालयीन अध्यापकास बहुधा विषयातील उच्च पदवी पुरते. आपण जसे शिकलो तसेच तो शिकवू लागतो आणि ते कितपत साधते याची खात्री करून घेण्याचे साधन त्याच्याजवळ क्वचितच असते. परीक्षेचे निकालही येथे फसवे ठरू शकतात. हार्व्हर्ड विद्यापीठातील भौतिकीविज्ञ एरिक माझूर यांचा १९९० च्या सुमाराचा अनुभव या संदर्भात प्रसिद्ध आहे. त्यांचे विद्यार्थी यामिकीतील अवघड गणिते सोडवीत व त्यांच्या अध्यापनाविषयी उत्तम अभिप्राय देत. ॲरिझोना राज्य विद्यापीठात तयार झालेली मूलभूत संकल्पनांची साधी चाचणी त्यांनी या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा जड मालमोटार व हलकी मोटार यांची टक्कर झाली असता दोहोंवरील बले समान असतात, एवढेही अनेकांना सांगता आले नाही. न्यूटनचा तिसरा नियम त्यांना पाठ होता. इतरांचे काम वाचल्यामुळे माझूर यांना हा दोष दिसला. एकट्याने शिकविणाऱ्यास तो वर्षानुवर्षे दिसत नाही.

अमेरिकेत अलेक्झांडर मायकलजॉन (१८७२–१९६४) यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठात १९२७ ते १९३२ या काळात चालविलेले प्रायोगिक महाविद्यालय हे या कल्पनेचे पूर्वरूप मानले जाते. तेथे विद्यार्थी पहिल्या वर्षी प्राचीन अथेन्सचा व दुसऱ्या वर्षी आधुनिक अमेरिकेचा समग्र अभ्यास करीत. ही योजना विद्यार्थ्यांसाठी होती. परंतु तिच्यामुळे अध्यापकांना आपापल्या विषयाचे कुंपण ओलांडून एकत्र वाचन करावे लागले. जोसेफ टसमन यांनी बर्कली येथे १९६५ ते १९६९ मध्ये असाच प्रयोग केला. मिशिगन विद्यापीठात १९६२ मध्ये अध्ययन-अध्यापनाच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र निघाले आणि अध्यापकांना अध्यापनाबाबत साहाय्य देणे हे विद्यापीठाचे काम आहे, हा विचार हळूहळू रुजला.

सहाध्ययन मंडळांना आजचे रूप आले ते ओहायओ राज्यातील ऑक्सफर्ड या लहान गावी असलेल्या मियामी विद्यापीठात. (फ्लॉरिडातील मियामी शहराशी त्याचा संबंध नाही.) लिली या दाननिधीने नव्या अध्यापकांसाठी १९७४ पासून योजलेल्या साहाय्यातून तेथे १९७९ मध्ये पहिले मंडळ सुरू झाले, गणिताचे अध्यापक मिल्टन कॉक्स यांनी पुढे त्यास निश्चित पद्धतीचे स्वरूप दिले. नोकरीची पहिली काही वर्षे काढलेले तरुण अध्यापक अर्ज करून या मंडळात येत. प्रत्येकाने आपला एक अभ्यासक्रम प्रयोगासाठी निवडावा, एका अनुभवी सहकाऱ्यास मार्गदर्शक म्हणून स्वतःच गाठावे आणि एका विद्यार्थ्याला सहकारी म्हणून सोबत घ्यावे, अशी रीत होती. मंडळाच्या बैठका वर्षभर भरत. वाचलेल्या लेखावर चर्चा, परस्परांच्या तासांना उपस्थिती, प्रश्नपत्रिकांची व उत्तरांची तपासणी, निवासी शिबिर आणि अखेरीस वर्षभरात केलेल्या प्रयोगाचे निवेदन, असा कार्यक्रम असे. १९८१ पासून तेथे महाविद्यालयीन अध्यापनाविषयी परिषदही भरू लागली. पुढे मंडळांचे दोन प्रकार रूढ झाले : नवे अध्यापक, ज्येष्ठ अध्यापक किंवा विभागप्रमुख अशा समान अवस्थेतील व्यक्तींचे, आणि लेखनकौशल्य, मूल्यमापन यांसारख्या एखाद्या विषयापुरते स्थापिलेले.

या योजनेत बैठकीतील खाण्यापिण्यालाही महत्त्व दिले जाई. ही बाब वरवर क्षुल्लक वाटते. परंतु एकमेकांशी परिचय झाल्याखेरीज ‘माझा तास फसला’ असे कोणी बोलत नाही. तसेच अध्यापकाच्या कामाचा भार काहीसा हलका करण्यात येई. वेळ न देता केवळ उत्साहावर सोपविलेली मंडळे दुसऱ्या सत्रापर्यंत टिकत नाहीत.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा समावेश हे या मंडळांचे वैशिष्ट्य असले, तरी त्याकडे अनेकदा दुर्लक्ष होते. विद्यार्थी कोठे अडखळतो, हे अध्यापकाआधी इतरांना कळलेले असते. कोणती पुस्तके वर्षभर कपाटातून हलली नाहीत, हे ग्रंथपाल जाणतो. प्रयोग कोणत्या पायरीवर बिघडतो, हे प्रयोगशाळा साहाय्यक रोज पाहतो. आणि शुल्काची वा शिष्यवृत्तीची अडचण सांगणारा विद्यार्थी प्रथम कार्यालयाच्या खिडकीशी उभा राहतो. परंतु जेथे साहाय्यकाने अध्यापकासमोर खुर्चीवर बसावे की नाही, याचाच संकोच असतो, तेथे त्याला मंडळात केवळ नावापुरते घेऊन भागत नाही; त्याच्या माहितीवरून चर्चेला आरंभ व्हावा लागतो.

या व्यवहाराला तात्त्विक आधार जीन लेव्ह व एत्येन वेंगर यांच्या १९९१ मधील विवेचनाने मिळाला. शिंपी, सुईणी, नौदलातील सुकाणूगृहातील कर्मचारी इत्यादींच्या उदाहरणांवरून त्यांनी दाखविले की, कसब हे मुख्यतः पाठांनी शिकविले जात नाही. जाणत्यांच्या कामात प्रथम कडेने व मग अधिकाधिक भाग घेत नवखा शिकतो. जुलियन ऑर यांनी छायाप्रत यंत्रे दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांचा अभ्यास केला, तेव्हा पुस्तिकेत न सापडणारे उपाय ते एकमेकांना सांगितलेल्या हकिकतींतून मिळवीत, असे आढळले. अर्नेस्ट बॉयर (१९२८–९५) यांनी १९९० मध्ये शोध, समन्वय, उपयोजन व अध्यापन या चारही गोष्टी विद्वत्तेचीच अंगे मानावीत, असे प्रतिपादन केल्यावर अध्यापनविषयक कामास विद्यापीठांत अधिक प्रतिष्ठा मिळू लागली.

भारतात अध्यापकांच्या सेवांतर्गत शिक्षणाने निराळा मार्ग घेतला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून विद्यापीठांत अध्यापक प्रबोधिनी स्थापिल्या. पुणे, मुंबई, नागपूर व गोवा या विद्यापीठांतही त्या निघाल्या. नव्या अध्यापकांसाठी उद्‌बोधन वर्ग व जुन्यांसाठी उजळणी वर्ग असा त्यांचा कार्यक्रम असे. २०१५ मध्ये त्यांना मानव संसाधन विकास केंद्रे असे नाव मिळाले आणि २०२३ पासून त्या मालवीय मिशनच्या शिक्षक प्रशिक्षण केंद्रांत परिवर्तित झाल्या. दूरदूरच्या तालुक्यांतील अध्यापक या वर्गांमुळे प्रथमच एकत्र आले व अनेकांना विषयातील नवे ज्ञान मिळाले, हे त्यांचे श्रेय निश्चित आहे. तथापि वर्ग संपताच गट विखुरतो. शिवाय हे वर्ग पदोन्नतीच्या अटींशी जोडले गेल्याने उपस्थितीच्या प्रमाणपत्रास ज्ञानाहून अधिक मोल येते.

हाच सर्वांत नाजूक प्रश्न आहे. सहाध्ययन मंडळात सांगितलेली चूक वार्षिक गोपनीय अहवालात उमटेल, अशी शंका येताच सभासद यशाच्याच कथा सांगू लागतात आणि मंडळाचे काम संपते, बैठका चालू राहिल्या तरी. म्हणून विभागप्रमुखाने आपल्याच कनिष्ठांच्या मंडळाचे अध्यक्षपद घेऊ नये, बैठकीतील बोलणे बाहेर नेऊ नये आणि वर्षाअखेर काय प्रकट करावयाचे ते सभासदाने स्वतः ठरवावे, असे नियम पाळणे इष्ट ठरते. उलट कोणतीच नोंद नसेल, तर खर्च करणारी संस्था हिशेब मागते, तोही रास्तच. प्रयोगापूर्वीची व नंतरची विद्यार्थ्यांची उत्तरे जपून ठेवणे, हा यातला व्यवहार्य मार्ग होय. मात्र परिणामांविषयीची पुष्कळशी माहिती सभासदांच्या स्वतःच्या अभिप्रायांवरून घेतलेली असल्याने तिचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. स्वेच्छेने येणारा अध्यापक मुळातच अध्यापनाविषयी आस्था असणारा असतो आणि त्याच्या वर्गातील सुधारणेचा किती वाटा मंडळाचा, हे वेगळे काढणे अवघड असते.