कुत्र्याची खोड कशी मोडावी?

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी म्हण आहे. शेपटाचे खरे असेल. पण कुत्र्याची खोड मोडता येते. ती कशी, ते मी सांगतो.

आमची वस्ती बेलापूरला प्रवरा नदीच्या बाजूला आहे. आमच्याकडे मोती नावाचा कुत्रा आहे. आजोबा म्हणतात, "कुत्र्याला शिव्या कळत नाहीत, वेळ कळती." म्हणजे काय? त्याने सकाळी चप्पल फाडली आणि आपण संध्याकाळी काठी मारली, तर चपलेसाठी मारले हे त्याला समजत नाही. हा माणूस मारतो, एवढेच समजते. मग तो भितो, नाहीतर चावतो. म्हणून खोडी करतानाच "नाही" म्हणावे. ऐकले की लगेच भाकरीचा तुकडा द्यावा.

रशियात पावलोव्ह नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते कुत्र्यांना खाणे देण्याआधी ठरावीक आवाज करीत. काही दिवसांनी नुसता आवाज ऐकूनच कुत्र्यांची लाळ गळू लागली. कशाच्या मागून काय येते, हे कुत्रा पक्के लक्षात ठेवतो. आता एकेक खोड पाहू.

१) कुरतडणे : पिल्लाचे दुधाचे दात पडून सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के दात येतात. तेव्हा त्याच्या हिरड्या शिवशिवतात. त्याला जुन्या दोराला गाठ मारून द्यावी. चपला वर ठेवाव्यात. खेळताना बोट चावले तर खेळ तिथेच बंद करावा.

२) अंगावर उड्या मारणे : ओरडू नये. पाठ फिरवून गप उभे राहावे. चारी पाय जमिनीवर टेकले की लाड करावेत. घरात सगळ्यांनी एकच नियम पाळावा, नाहीतर कुत्रा गोंधळतो.

३) ताटापाशी बसणे : ही खोड आपणच लावतो. जेवताना एकदा तुकडा टाकला की तो रोज येणारच. त्याचे खाणे त्याच्याच भांड्यात द्यावे.

४) सायकलमागे धावणे : ही लई वाईट खोड. यात माणूस पडतो. कुत्र्याला दोरीने धरून रस्त्यापासून लांब बसवावे. सायकल जाताना शांत राहिला की तुकडा द्यावा. रोज थोडे थोडे रस्त्याच्या जवळ न्यावे.

५) रात्री हिंडणे : आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात उसामध्ये बिबटे राहतात. ते कुत्री धरून नेतात. कुत्र्यासाठी बिबट्या वस्तीपर्यंत येतो, म्हणजे धोका आपल्यालाही. आम्ही मोतीला रोज दिवेलागणीला खायला देतो आणि दार लावून गोठ्यात ठेवतो. आता हाक मारावी लागत नाही. अंधार पडायला लागला की तो आपणहून भांड्यापाशी उभा राहतो.

कोणताही कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. लगेच दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यावे. आपल्या कुत्र्यालाही दरवर्षी लस टोचावी.

खोड जात नाही म्हणून काहीजण कुत्रा पोत्यात घालून लांब सोडून येतात. तिथे तो उपाशी हिंडतो. पालकांना माझी विनंती आहे, की सोडून देण्याआधी एक महिना असे करून पाहा. रोजचा एक भाकरीचा तुकडा लागेल, दुसरा काही खर्च नाही.

(इयत्ता ४ थी)