पायाचें मोडलेलें बोट

हात मोडला तर सारें घर धांवतें. पायाचें बोट मोडलें तर घर हंसतें. उंबरठ्याला किंवा पलंगाच्या पायाला ठेंच लागावी, डोळ्यांपुढें काजवे चमकावे, आणि जवळच्या मंडळींनीं "एवढ्याशा बोटाचें काय तें कौतुक!" असें म्हणावें, हा प्रकार घरोघरीं घडतो. या उपेक्षेला थोडा आधारहि आहे. कारण लहान बोटांचें साधें मोडलेलें हाड बहुधा शस्त्रक्रियेवांचून सांधतें. परंतु 'बहुधा' आणि 'नेहमीं' या दोन शब्दांतील अंतर ओळखलें नाहीं, तर एवढेंसें बोट माणसाची चाल कायमची बिघडवूं शकतें.

प्रत्येक पावलांत 26 हाडें असतात, आणि त्यांपैकीं 14 एकट्या बोटांचीं. अंगठ्यांत दोन व इतर बोटांत प्रत्येकीं तीन. मात्र कित्येकांच्या करंगळींत टोंकाकडील दोन हाडें एकजीव झालेलीं असल्यामुळें तिच्यांत दोनच भरतात. चालतांना टांच उचलली गेली कीं शरीराचा भार पुढें सरकतो आणि पाऊल जमिनीवरून सुटण्यापूर्वींचा शेवटचा रेटा मुख्यतः अंगठा देतो. म्हणूनच करंगळी आणि अंगठा यांच्या दुखापतींना एकाच मापानें मोजणें चुकीचें आहे. करंगळीचें हाड किंचित् वांकडें सांधलें तरी चालणें अडत नाहीं. अंगठ्याचा सांधा आंखडला तर प्रत्येक पावलागणिक त्याची आठवण होते.

बोट हलवतां आलें म्हणजे तें मोडलेलें नाहीं, ही समजूत सर्वत्र आढळते. ती खोटी आहे. बोटें हलविणाऱ्या स्नायूंपैकीं मोठे स्नायू पोटरींत असतात व त्यांच्या दोऱ्या बोटांपर्यंत पोंचतात. हाडाला तडा गेला तरी त्या दोऱ्या आपलें काम करीतच असतात. हाडावरच नेमकी दुखरी जागा, झपाट्यानें चढणारी सूज, कातडीखालीं पसरणारा काळानिळा रंग आणि टेंकतांना होणारी तीव्र वेदना, हीं लक्षणें अधिक बोलकीं. तरीहि मुका मार आणि मोडलेलें हाड यांतील भेद डोळ्यांनीं नेहमीं कळतोच असें नाहीं. 1895 सालीं राँटगेन यानें शोधून काढलेल्या क्ष-किरणांनीं ही अडचण दूर केली. लहान बोट सरळ असेल तर उपचार दोन्ही प्रसंगीं बहुतेक सारखाच असल्यामुळें डॉक्टर कधीं कधीं छायाचित्राचा आग्रह धरीत नाहींत; अंगठ्याच्या बाबतींत मात्र तें काढून घेणेंच इष्ट.

पहिल्या घटकेंतील एक काम आपल्याकडील स्त्रियांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. बोटांत जोडवीं असतील तर सूज चढण्यापूर्वीं तीं काढावीं. सौभाग्यलेणें म्हणून तीं उतरविण्यास मन कचरतें; पण सुजलेल्या बोटांत घट्ट रुतलेलें जोडवें रक्ताची वाट अडवितें आणि मग बोटच धोक्यांत येतें. साबण किंवा तेल लावूनहि तें निघत नसेल तर ओढाताण न करतां डॉक्टरांकडून कापून घ्यावें. जोडवें पुन्हां घडवितां येतें.

त्यानंतर पाय उशांवर उंच ठेवावा. बर्फ फडक्यांत गुंडाळून सुमारें पंधरा-वीस मिनिटें लावावा. तो थेट कातडीवर ठेवूं नये. पहिले दोन-तीन दिवस हा क्रम अधूनमधून चालूं ठेवल्यास सूज व वेदना आटोक्यांत राहतात. चोळणें आणि तेल लावून रगडणें या काळांत वर्ज्य. बोट खेंचून "बसविण्याचा" घरगुती प्रयत्न तर करूंच नये. हाडाचे तुकडे त्यानें अधिक सरकतात.

लहान बोटाला आधार द्यावयाचा तो शेजारच्या धडक्या बोटाचा. दोन बोटांमध्यें कापसाची किंवा जाळीच्या कापडाची पातळ घडी ठेवून चिकटपट्टीनें दोन्हीं सैलसर बांधावीं. घडी नसेल तर घामानें कातडी पांढरी पडून फुटते. पट्टी घट्ट झाली तर बोट बधिर किंवा निळसर होतें. पट्टी भिजली कीं बदलावी. पायांत वांकणार नाहीं अशा टणक तळाचा, पुढें रुंद जोडा असावा. अंगठ्याची चप्पल किंवा मऊ सपाता येथें निरुपयोगी. आणि जमिनीवर उकिडवें बसणें कांहीं दिवस टाळावें, कारण त्या बैठकींत बोटें वांकून त्यांवर भार पडूं शकतो.

हाड सांधतें तें पट्टीमुळें नव्हे. पट्टी केवळ त्याला निवांतपणा देते. मोडलेल्या जागीं प्रथम रक्ताची गांठ जमते. तींतून दोन-तीन आठवड्यांत कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो, मग त्यांत चुना सांठून तो कठीण होतो. लहान बोटाला यासाठीं साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात, अंगठ्याला त्याहून अधिक. वेदना मात्र बऱ्याच आधीं ओसरते, आणि फसगत होते ती येथेंच! दुखणें थांबलें म्हणून तिसऱ्या आठवड्यांत धांवपळ सुरू करणारा माणूस कच्च्या भिंतीवर छप्पर चढवितो. थोडी सूज व ताठरपणा कांहीं महिने रेंगाळला तरी त्यांत भिण्यासारखें नाहीं. या काळांत दूध, नाचणी, डाळी असा आहार हितकर. तंबाखू व विडी-सिगारेट हाड सांधण्यास विलंब लावतात, हें सिद्ध झालेलें आहे.

कांहीं प्रसंगीं मात्र घरीं थांबूं नये. बोट उघड वांकडें दिसत असेल, जखमेंतून हाड दिसत असेल, बोट थंड, फिकट वा बधिर पडलें असेल, किंवा अंगठा मोडल्याचा संशय असेल, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. लहान मुलाचें नख मुळाशीं उखडून रक्त आलें असेल तर तें केवळ नखाचें दुखणें समजूं नये. त्याखालीं हाडाच्या वाढीची जागा असते आणि तेथें जंतुदोष शिरूं शकतो.

सर्वांत अधिक सावधगिरी हवी ती मधुमेही माणसानें. दीर्घकाळच्या मधुमेहांत पायाची संवेदना मंदावते आणि रक्ताचा पुरवठाहि कमी होऊं शकतो. अशा माणसाला मोडलेलें बोट फारसें दुखतच नाहीं. तो त्यावरच चालत राहतो, कातडी घांसून व्रण पडतो, व्रण चिघळतो, आणि अखेर बोट गमावण्याची पाळी येते. त्याच्या बोटाला घरीं पट्टी बांधूं नये. तें काम डॉक्टरांचें. घरांत मधुमेही वडील मंडळी असतील तर रात्रीं निजण्यापूर्वीं त्यांचीं पावलें दिव्याच्या उजेडांत रोज पाहावीं. ज्याला वेदना होते, तो स्वतः ओरडून मदत मागतो. ज्याला ती होत नाहीं, त्याच्यासाठीं घरांतील दुसऱ्या कोणाचे तरी डोळे जागे असले पाहिजेत.