दवाखान्यातील पाणी, वाफ आणि बर्फ

१२ एप्रिल २०१६ रोजी लातूरच्या रेल्वे स्थानकात एक आगळीवेगळी आगगाडी आली. तिच्यात एकही उतारू नव्हता. टाकीसारख्या १० वाघिणी होत्या आणि प्रत्येक वाघिणीत सुमारे ५० हजार लिटर पाणी होते. लातूर शहराला पाणी पुरविणारे मांजरा धरण आटले होते, म्हणून मिरजेहून कृष्णेचे पाणी सुमारे ३४० किलोमीटर अंतरावरून आणावे लागले. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली व एका खेपेत २५ लाख लिटर पाणी येऊ लागले.

पाणी असे मोजून मिळू लागले की आपण घरी काय करतो? अंगण झाडतो पण सडा घालत नाही. भांडी कमी पाण्यात घासतो. कपडे चार दिवसांनी धुतो. दवाखान्याला मात्र असे करता येत नाही. डॉक्टरांनी प्रत्येक रोगी तपासल्यावर हात धुतलेच पाहिजेत. रक्ताने भरलेली चादर चार दिवस ठेवता येत नाही. शस्त्रक्रियेची हत्यारे जंतुरहित केल्याशिवाय वापरता येत नाहीत. मग दवाखान्याने पाणी आणि वीज वाचवायची कशी?

विद्यार्थिमित्रांनो, हा प्रश्न आज साऱ्या जगापुढे आहे. पृथ्वीला तापविणाऱ्या वायूंपैकी सुमारे ४ ते ५ टक्के वायू आरोग्यसेवेमुळे हवेत जातात असा अंदाज आहे. जी सेवा माणसाला बरे करते तिच्यामुळेच हवा बिघडावी, हे काही योग्य नव्हे. पण चाकूर, अहमदपूर, उदगीर अशा गावांना या प्रश्नाची दुसरीही एक बाजू आहे. ज्या दवाखान्याला पाणी आणि वीज कमी लागते, तो दुष्काळातही चालतो आणि वीज गेली तरी चालतो. म्हणजे ही काटकसर केवळ पृथ्वीसाठी नाही, तर रात्री दोन वाजता दारात आलेल्या रोग्यासाठीही आहे. आणि गंमत अशी की, ती समजून घ्यायला तुमच्या पुस्तकातील 'उष्णता' हे एकच प्रकरण पुष्कळसे पुरते.

वाफेचा हिशेब

दवाखान्यात 'ऑटोक्लेव्ह' नावाचे एक यंत्र असते. हत्यारे, कापसाचे बोळे, पट्ट्या, हिरवे कपडे यांवरील जंतू त्यात मारले जातात. हे यंत्र म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातील कुकरचा थोरला भाऊ होय. १६७९ मध्ये डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हाडे शिजविणारे बंद भांडे तयार केले. पुढे बरोबर दोनशे वर्षांनी, १८७९ मध्ये, पाश्चरचा सहकारी शार्ल शाम्बरलाँ याने त्याच तत्त्वावर जंतू मारणारे यंत्र बनविले.

उघड्या भांड्यातील पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. काही जंतूंची बीजे मात्र इतकी चिवट असतात की, तेवढ्या उष्णतेला ती दाद देत नाहीत. भांडे बंद करून आतील दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे दुप्पट केला की वाफेचे तापमान १२१ अंश होते. या तापमानात गाठोड्याच्या जाडीप्रमाणे १५ ते ३० मिनिटे ठेवले म्हणजे ही बीजेही मरतात.

आता आकडे मांडू. एक लिटर, म्हणजे एक किलोग्रॅम पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला ४.२ गुणिले ७०, म्हणजे २९४ किलोज्यूल उष्णता लागते. पण त्याच पाण्याची वाफ करायला आणखी २२६० किलोज्यूल लागतात. हा झाला वाफेचा अप्रकट उष्मा. एकूण बेरीज २५५४ किलोज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. तेव्हा एक लिटर पाण्याची वाफ करायला जवळजवळ ०.७ युनिट वीज खर्च होते.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पुष्कळांना वाटते की, छतावर सूर्यचूल किंवा सौर बंब बसवून पाणी आधी तापवून घेतले की काम झाले. तो बंब जरूर बसवावा. पण पाणी उकळीपर्यंत नेण्याचा खर्च एकूण खर्चाच्या सुमारे नवव्या हिश्शाएवढाच आहे. खरा खर्च वाफ करण्याचा आहे. म्हणून खरी बचत यंत्र कमी वेळा चालविण्यात आहे. अर्धे भरलेले यंत्र दोनदा चालविले तर त्याच्या जाड पत्र्याला दोनदा तापवावे लागते. तेच योग्य प्रमाणात भरून एकदा चालविले तर वीज वाचते आणि रोग्याचे काहीच बिघडत नाही. मात्र कोंबून भरू नये. गाठोड्यांमध्ये वाफेला वाट राहिली पाहिजे.

दुसरी गोष्ट पाण्याची. मोठ्या रुग्णालयांतील यंत्रांतून वापरलेली वाफ गटारात सोडावी लागते. ती तशीच सोडली तर नळ फुटतील, म्हणून तिच्यात थंड पाणी मिसळतात. किती पाणी लागेल? १०० अंशांची एक किलोग्रॅम वाफ थिजताना २२६० किलोज्यूल देते आणि ६० अंशांपर्यंत निवताना आणखी १६८ देते. मिळून २४२८. समोरून येणारे ३० अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापताना लिटरमागे १२६ किलोज्यूल शोषते. भागाकार केला तर उत्तर येते सुमारे १९ लिटर! एका लिटर पाण्याच्या वाफेला निवविण्यासाठी १९ लिटर चांगले पाणी गटारात जाते. जुन्या धाटणीच्या काही यंत्रांत तर यंत्र रिकामे असतानाही ही धार चालूच राहते.

या पाण्याचा हत्यारांशी काहीही संबंध नाही. ते फक्त उष्णतेचा हमाल आहे. तेव्हा तापमान वाढल्यावरच उघडणारी झडप बसवावी, किंवा निवविण्याचे पाणी टाकीत साठवून, गार करून पुन्हा फिरवावे. दुष्काळी भागात या दोन साध्या उपायांचे मोल मोठे आहे.

मूत्रपिंडाचे काम आणि उरलेले पाणी

ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत अशा रोग्यांचे रक्त यंत्राने शुद्ध करतात. याला डायालिसिस म्हणतात. या यंत्रातून दर मिनिटाला साधारण ५०० मिलिलिटर शुद्ध द्रावण वाहते आणि एक बैठक बहुधा चार तासांची असते. म्हणजे एका रोग्याच्या एका बैठकीला १२० लिटर पाणी लागले. पुष्कळ रोग्यांना आठवड्यातून अशा तीन बैठका घ्याव्या लागतात.

पण एवढ्यावर भागत नाही. या पाण्यात क्षार चालत नाहीत. ते आधी सूक्ष्म पडद्यातून दाबाने गाळावे लागते. या गाळणीतून काही पाणी शुद्ध होऊन पलीकडे जाते, तर उरलेले पाणी क्षार घेऊन बाहेर पडते. निम्मे बाहेर पडते असे धरले, तर प्रत्येक बैठकीमागे आणखी १२० लिटर पाणी वाया गेले. हे पाणी रोग्याच्या जवळपासही गेलेले नसते. त्यात फक्त क्षार थोडे अधिक असतात. ते वेगळ्या टाकीत साठविले तर संडासात ओतायला आणि फरशी पुसायला उत्तम. जे पाणी रोग्याच्या यंत्रातून गेले ते मात्र वेगळे. त्याला कोणी हात लावू नये.

बर्फाची पेढी

आता थंडीकडे वळू. लहान मुलांना टोचायच्या बहुतेक लसी २ ते ८ अंशांच्या दरम्यान ठेवाव्या लागतात. उन्हाळ्यात बाहेर पारा ४० अंशांवर आणि त्यात वीज गेलेली. मग लसी टिकतात कशा?

आरोग्य केंद्रात गेलात तर तेथील शीतपेटी नीट पाहा. तिचे झाकण घरच्या फ्रीजसारखे समोर नसून वर असते. थंड हवा जड असल्याने झाकण उघडले तरी ती तळाशीच राहते. पेटीच्या भिंतींच्या आत बर्फाचे अस्तर असते. एक किलोग्रॅम बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो आणि तरीही शून्य अंशांवरच राहतो. तेवढेच गार पाणी ० ते ८ अंश तापताना फक्त ३४ किलोज्यूल शोषते. म्हणजे बर्फ दहापट कामाचा! बँकेत पैसे ठेवावेत तशी वीज असताना थंडी बर्फात जमा करायची आणि वीज गेल्यावर हळूहळू काढायची. त्यामुळे दिवसातून सलग आठ तास वीज मिळाली तरी अशी पेटी चोवीस तास लसी सांभाळू शकते.

हीच युक्ती सूर्याच्या विजेलाही लावता येते. सौर पट्ट्या दिवसा वीज देतात, रात्री देत नाहीत. रात्रीसाठी बॅटरी ठेवली तर ती काही वर्षांनी बदलावी लागते आणि जुन्या बॅटरीतील शिसे घातक असते. म्हणून आता अशा पेट्या निघाल्या आहेत की, त्यांत बॅटरीच नसते. दिवसा सूर्य बर्फ बनवितो आणि रात्री तो बर्फ पहारा देतो.

केळ्याची साल आणि भट्टी

दवाखान्यातील कचऱ्यापैकी सुमारे ८५ टक्के कचरा घरच्यासारखाच असतो: कागद, खोकी, फळांच्या साली, उरलेले अन्न. उरलेला १५ टक्के धोक्याचा. आपल्या देशातील २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या व प्लास्टिक लाल पिशवीत, सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात आणि काच निळ्या खोक्यात टाकायची असते. पिवळ्या पिशवीतील बराच कचरा भट्टीत जाळतात. लाल पिशवीतील प्लास्टिक जंतुरहित करून पुन्हा वापरात आणता येते.

समजा, कोणी केळ्याची साल पिवळ्या पिशवीत टाकली. काय बिघडले? एक किलो ओल्या सालींत पाऊण किलोहून अधिक पाणी असते. जळण्याआधी त्या पाण्याची वाफ व्हावी लागते आणि वाफेचा हिशेब आपण वर केलाच आहे. सुमारे दोन हजार किलोज्यूल उष्णता नुसते पाणी उडविण्यात जाते. उलट रक्ताचा बोळा साध्या कचऱ्यात पडला तर ती सारी पिशवी धोक्याची ठरते. शंभर किलो कचऱ्यात पंधरा किलो जपून हाताळायचे असतात, तेथे शंभरच्या शंभर किलो हाताळावे लागतात. आणि चुकून क्लोरीनयुक्त प्लास्टिक भट्टीत गेले तर डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्ये धुरात मिसळण्याचा धोका असतो. तेव्हा कोणती वस्तू कोणत्या डब्यात जाते, यावर भट्टीचे इंधन, गावाची हवा आणि सफाई कामगाराचे बोट या तिन्हींची सुरक्षितता अवलंबून आहे.

काटकसर कोठे करू नये

इतके वाचल्यावर कोणी म्हणेल, ऑटोक्लेव्ह १२१ ऐवजी ११० अंशांवर चालवू, किंवा वेळ पाच मिनिटांनी कमी करू. हे कदापि करू नये. जंतूंची बीजे आपल्या वीजबिलाकडे पाहत नाहीत. एकदा वापरलेली सुई पुन्हा वापरणे, हात न धुणे ही काटकसर नव्हे. अशाने एखादा रोगी जखम चिघळून महिनाभर दवाखान्यात राहिला तर वाचविलेल्याच्या कितीतरी पट पाणी, वीज आणि औषध त्याच्यावर खर्च होते. त्याचे हाल होतात ते वेगळेच. जेथे रोग्याच्या जिवाचा प्रश्न आहे तेथे खर्च करायचा, आणि जेथे पाणी किंवा उष्णता काही काम न करता वाहून जाते तेथे ती अडवायची, हा नियम लक्षात ठेवावा.

करून पाहा

सारख्या आकाराचे दोन स्टीलचे पेले घ्या. एकात १०० ग्रॅम बर्फाचा चुरा घाला. दुसऱ्यात बर्फाने गार केलेले १०० ग्रॅम पाणी गाळून घ्या. दोन्हींत तापमापी ठेवून दर पाच मिनिटांनी तापमान लिहा आणि आलेख काढा. ८ अंश गाठायला कोणाला किती वेळ लागला? नंतर हाच प्रयोग पेल्यांभोवती कापूस गुंडाळून करा. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की, बर्फाचे अस्तर असूनही लसींच्या पेटीच्या भिंती इतक्या जाड का करतात, हे तुमचे तुम्हालाच सांगता येईल.