बॅटरी गोंदानेच का?
लिथियम-आयन बॅटरी काही शे वेळा चार्ज झाली की तिची क्षमता उतरणारच. यात कारस्थान काही नाही. प्रश्न आहे तो ती मोबाइलच्या पोटात चिकटवण्याचा. बदलायची तर मागची काच शेकून उचकटायची, तडकली की तिचाही खर्च. मग गिऱ्हाईक नवाच फोन घेतं. पाणी आत जाऊ नये म्हणून गोंद लागतो, हे कंपन्यांचं उत्तर अगदीच खोटं नाही. पण २०१४चा सॅमसंग गॅलेक्सी एस५ पाण्यात टिकायचा आणि त्याचं झाकण नखाने निघायचं. आतून बॅटरीभोवती रबरी सील होतं. युरोपीय संघाच्या २०२३च्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७पासून बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता यायला हवी. अपवाद आहेतच, आणि पळवाटा तिथेच शोधल्या जातील.