आपल्या खेळाला साजेशी बॅडमिंटन रॅकेट कशी निवडावी?

संध्याकाळी तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या कोणत्याही बॅडमिंटन हॉलमध्ये हे दृश्य दिसतं. चाळिशीतला एखादा खेळाडू नवी कोरी रॅकेट घेऊन येतो. किंमत पंधरा हजारांच्या आसपास, कारण टीव्हीवर एका जगज्जेत्याच्या हातात तीच दिसली होती. पहिल्या आठवड्यात सगळे ती हातात घेऊन, हवेत फिरवून पाहतात. महिन्याभरात त्याच्या कोपराला पट्टा आलेला असतो आणि टॉस मात्र पूर्वीसारखाच मधल्या कोर्टात पडत असतो.

रॅकेट खोटी नसते, वाईटही नसते. ती त्याच्यासाठी बनवलेली नसते, एवढंच. महागड्या रॅकेटींपैकी बऱ्याच रोज चार-सहा तास सराव करणाऱ्या, अतिशय वेगाने हात फिरवणाऱ्या खेळाडूंसाठी असतात. आठवड्यातून तीन दिवस, ऑफिसनंतर डबल्स खेळणाऱ्याचा हात तेवढ्या वेगाने फिरत नाही. त्यामुळे निवडीची सुरुवात किमतीपासून किंवा आवडत्या खेळाडूपासून न करता स्वतःच्या हातापासून करावी लागते.

पूर्वी हा प्रश्न फारसा नव्हता. ज्या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७०च्या दशकात पुण्यात आकाराला आले आणि ज्याला काही काळ ‘पूना’ असंच नाव होतं, तो खेळ पुढे कित्येक दशकं लाकडी रॅकेटनेच खेळला गेला. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ साली क्वालालंपूरला आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले, तो काळ लाकडी रॅकेटचाच. लाकूड दमट हवेत वाकू नये म्हणून रॅकेट चौकटीत आवळून ठेवायची, एवढीच काळजी असे. आज ग्रॅफाइटमुळे रॅकेट हवी तशी घडवता येते आणि दुकानात गेलेला माणूस गोंधळतो तो त्यामुळेच.

३ यू, ४ यू म्हणजे काय?

रॅकेटवर बारीक अक्षरात ‘४ यू जी ५’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. यातला ‘यू’ वजन सांगतो. योनेक्सच्या पद्धतीत ३ यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४ यू म्हणजे ८० ते ८४ आणि ५ यू म्हणजे ७५ ते ७९. आकडा वाढला की वजन कमी होतं. एका गटातून दुसऱ्या गटात जाताना फरक पडतो साधारण ५ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास एका शटलच्या वजनाएवढा. पहिल्या दहा मिनिटांत तो जाणवतही नाही, दीड तासानंतर खांद्याला जाणवतो. हौशी खेळाडूला बहुतेक वेळा ४ यू पुरते. खांदा आधीच कुरकुरत असेल तर ५ यू पाहावी.

‘जी’ हा मुठीचा आकार. योनेक्समध्ये इथेही आकडा मोठा तशी मूठ बारीक, काही कंपन्यांत मात्र क्रम वेगळा असतो, म्हणून हातात धरूनच पाहिलेलं बरं. शंका असेल तर बारीक मूठ घ्यावी. वरून ग्रिप गुंडाळून ती जाड करता येते, जाड मूठ बारीक करणं मात्र जिकिरीचं. फार बारीक मूठही चालत नाही, कारण रॅकेट निसटेल या भीतीने माणूस ती सतत आवळून धरतो आणि तो ताण कोपरापर्यंत जातो.

खरा फरक पडतो तो तोलामुळे

एकूण वजनापेक्षा ते वजन कुठे आहे, याला जास्त महत्त्व आहे. हातोडी एकदा दांड्याकडून धरून फिरवावी आणि एकदा उलटी, लोखंडाकडून. वजन तेच, पण दुसऱ्यांदा ती काडीसारखी फिरते. रॅकेटचंही तसंच आहे. रॅकेट आडवी धरून एका बोटावर तोलली की तोलाचा बिंदू सापडतो. मुठीच्या टोकापासून हे अंतर साधारण २८५ मिलिमीटरच्या आत असेल तर रॅकेट डोक्याला हलकी, २९५च्या पुढे असेल तर डोक्याला जड आणि मधे असेल तर समतोल समजतात. मात्र तारा भरल्या की तोल डोक्याकडे सरकतो आणि जादा ग्रिप गुंडाळली की मुठीकडे, म्हणून दोन रॅकेटींची तुलना सारख्याच स्थितीत करावी.

डोक्याला जड रॅकेट मागच्या रेषेवरून मारताना मदत करते. डोक्याचा भार शटलमागे उभा राहतो, स्मॅश जड पडतो, टॉस लांब जातो. पण समोरून आलेला स्मॅश परतवताना किंवा नेटजवळ झटपट ड्राइव्हची देवाणघेवाण होताना तीच रॅकेट उशिरा पोहोचते. हलक्या डोक्याची रॅकेट इथे चटकन वर येते. योनेक्सच्या ॲस्ट्रॉक्स मालिकेतल्या रॅकेट डोक्याला जड, नॅनोफ्लेअरमधल्या हलक्या आणि आर्कसेबरमधल्या समतोल असतात. व्हिक्टरमध्ये थ्रस्टर ताकदीसाठी, ऑरास्पीड वेगासाठी.

‘जड डोकं म्हणजेच जोरदार स्मॅश’ हा मात्र गैरसमज आहे. मुंबईच्या चिराग शेट्टीचा जोडीदार सात्विकसाईराज रंकीरेड्डी याने १४ एप्रिल २०२३ रोजी जपानमध्ये ताशी ५६५ किलोमीटर वेगाच्या स्मॅशचा गिनीज विक्रम केला, तो नॅनोफ्लेअर १००० झेड या हलक्या डोक्याच्या रॅकेटने. वेग प्रामुख्याने हातातून येतो. हात नसेल तर डोक्यातले चार ग्रॅम तो आणून देत नाहीत.

आपल्याकडचे हौशी खेळाडू बहुतांशी डबल्स खेळतात. दोन्ही बाजूंनी चौघे उभे, शटल सपाट आणि जलद येतं, बचावाला वेळ मिळत नाही. अशा खेळात समतोल किंवा किंचित हलक्या डोक्याची रॅकेटच बहुतेकांना जास्त गुण मिळवून देते, जरी दुकानात सर्वांची नजर स्मॅशच्या रॅकेटकडे जात असली तरी. अपवाद अशा खेळाडूचा, जो खरोखरच मागे उभा राहून मारतो आणि ज्याचा जोडीदार नेट सांभाळतो. दुसरा अपवाद उशिरा खेळायला लागलेल्यांचा. त्यांचा टॉसच मागे पोहोचत नाही. त्यांना वजनाने हलकी पण डोक्याला किंचित जड, लवचिक दांडीची रॅकेट सोयीची पडते.

दांडी ताठ की लवचिक?

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. हात पुढे येताना दांडी किंचित मागे वाकते आणि शटलला लागताना सरळ होते. या उसळीतून फटक्याला बळ मिळतं. ताठ दांडी वाकवायला हात वेगाने फिरावा लागतो. तो तेवढा फिरला नाही तर दांडी वाकतच नाही, उसळी मिळत नाही आणि सगळं काम खांद्याला करावं लागतं. फटका चुकीच्या जागी बसला तर हादराही थेट हातात येतो. याउलट वेगवान हाताला लवचिक दांडी त्रासदायक वाटते. डोकं मागे रेंगाळतं आणि शटल भलतीकडे जातं.

आपला हात कुठल्या प्रकारचा, हे कोर्टवरच कळतं. स्वतःच्या मागच्या रेषेवर उभं राहून समोरच्याच्या मागच्या रेषेपर्यंत टॉस मारून पाहावा. कोर्टची लांबी १३.४० मीटर आहे. दहापैकी सात-आठ टॉस आरामात पोहोचत असतील तर मध्यम किंवा ताठ दांडी चालेल. जोर लावूनही पोहोचत नसतील तर लवचिक किंवा मध्यमच घ्यावी. अर्थात फटक्याची पद्धतच चुकत असेल तर कोणतीही दांडी कामी येत नाही. तिथे प्रशिक्षकाच्या चार तासांचे पैसे रॅकेटपेक्षा सत्कारणी लागतात.

गटिंगकडे दुर्लक्ष नको

बऱ्याच रॅकेट कारखान्यातूनच साध्या तारा, ढिला ताण अशा येतात आणि लोक वर्षानुवर्षं तशाच वापरतात. व्यावसायिक खेळाडू ३० पौंडांच्या आसपास ताण ठेवतात, म्हणून हौशी खेळाडूही २८ मागतो. ताण वाढला की शटलवर ताबा वाढतो, पण तारांची उसळी कमी होते आणि फटका नेमक्या मध्यावर बसला तरच नीट जातो. मध्य चुकला की जोर जातो आणि हाताला झटका बसतो. २१ ते २४ पौंड बहुतेकांना पुरेसा आहे. फ्रेमवर कमाल ताण छापलेला असतो, तो ओलांडून फ्रेम मोडली तर वॉरंटीची आशा ठेवू नये. तारेत बीजी ६५ ही ०.७० मिलिमीटरची जाड, टिकाऊ तार हौशी मंडळींत उगाच लोकप्रिय नाही. प्लास्टिकच्या शटलने खेळणाऱ्यांनी तर बारीक, महागड्या तारेवर खर्च करण्याचं काही कारण नाही.

किमतीचं म्हणाल तर दोन ते चार हजारांत पूर्ण ग्रॅफाइटची चांगली रॅकेट मिळते. हजाराच्या आतल्या पोलादी दांडीच्या रॅकेट सोसायटीच्या आवारात ठीक, हॉलमध्ये नाही. नामांकित रॅकेट निम्म्या किमतीत दिसली तर ती बनावट असण्याचीच शक्यता जास्त.

घेण्याआधी कुणाची तरी मागून खेळून पाहावी आणि तीही पहिल्या गेममध्ये नाही. ताज्या हाताला कुठलीही रॅकेट छान वाटते. शेवटच्या गेममध्ये, हात थकल्यावर, तिने चार स्मॅश परतवून आणि दोन बॅकहँड टॉस मारून पाहावेत. जुनी रॅकेट अगदीच निरुपयोगी वाटत असेल तर आधी तिचं गटिंग बदलून घ्यावं. काही शे रुपयांच्या या बदलानंतर नव्या रॅकेटची गरज उरते का, हे पुढच्या दोन-तीन दिवसांच्या खेळात कळतं.